बुधवारची सुई

आमच्या घरात सरळ रेघेवर विश्वास ठेवायचा नसतो. हे मी लहानपणी शिकले, आणि शिकताना पडलेही. आईने एकदा दाराबाहेरच्या पायपुसण्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी अशा काही रंगवल्या की बघणाऱ्याला मधोमध खोल खड्डा दिसावा. खड्डा नव्हता, पायपुसणं होतं. पण दूधवाला त्यावरून उडी मारायला लागला, गॅसवाला सिलिंडर जिन्यातच ठेवून हाका मारायला लागला, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आमच्याकडे यायचंच सोडलं. आई खूश. मला रोज शाळेत जाताना त्या खड्ड्यावर पाय द्यावा लागायचा, ते तिच्या खिजगणतीतही नव्हतं.

माझी आई कोडी काढते. शब्दांची नाही, रेघांची. भूलभुलैये, म्हणजे एका कोपऱ्यातून शिरायचं आणि वाट शोधत दुसऱ्या कोपऱ्यातून बाहेर पडायचं, अशी चित्रं. आणि डोळ्यांना फसवणारी चित्रं. दोन रेघा अगदी सारख्या, पण एक लांब वाटते. चौकटी अगदी सरळ, पण घसरल्यासारख्या दिसतात. रविवारच्या पेपरबरोबर मुलांची पुरवणी येते, तिच्या शेवटच्या पानावर आईचं कोडं असतं. मी शाळेत होते तेव्हापासून आहे. आता माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलंय, तरी आहेच.

मी वीज कंपनीच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांची डोकी थंड करायची आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचं तापवून घ्यायचं, असं माझं आयुष्य आहे. घरी आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी. त्यातल्या दोघांनी मिळून माझ्या डोक्याला जो ताप दिला, तो सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आई मूळची नकाशे काढणारी. शहराच्या जमिनीखालून जी गटारं जातात त्यांचे नकाशे ती सरकारी कचेरीत बसून काढायची. कुठला पाइप कुठे मिळतो, उतार कुठे, तुंबलं तर झाकण कुठलं उघडायचं, सगळं ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईने. मला गालगुंड झालं होतं आणि मी अंथरुणात पडून रडरड करत होते, तेव्हा तिने एका जुन्या नकाशाच्या पाठीवर पाइपांचं जाळं काढलं आणि म्हणाली, हे पाणी बाहेर कुठून पडेल ते शोध. तिचा तो पहिला भूलभुलैया. मी तो फाडला होता, असं ती अजून सगळ्यांना सांगते.

गटारं सुटली, पण त्यातलं शास्त्र सुटलं नाही. "पाणी कुठूनतरी बाहेर पडलंच पाहिजे," हे तिचं ब्रह्मवाक्य. ते ती भूलभुलैयाबद्दल बोलते, मोरीबद्दल बोलते आणि शेजारणीच्या सासूबद्दलही बोलते. कागदावर आधी निळ्या पेन्सिलीने खरी वाट काढायची. मग खोट्या वाटा. खोटी वाट खऱ्या वाटेपेक्षा जास्त खरी दिसली पाहिजे, माणूस हौसेने आत गेला पाहिजे आणि खूप आत गेल्यावर त्याला भिंत लागली पाहिजे. यात तिला काय सुख मिळतं ते मला आजवर कळलेलं नाही. मग शाई. शाई चुकली तर ब्लेडने इतकी हलकी खरवडते की कागदाला कळत नाही. शेवटी निळी पेन्सिल खोडून टाकायची. मग खरी वाट फक्त तिच्या डोक्यात उरते.

आणि मग बुधवार. बुधवारी संध्याकाळी चहाच्या वेळी कोडं तपासायचं, हा आमच्या घरचा नियम आहे. तपासणार बाबा. पेन्सिल लावली तर मूळ चित्र खराब होईल, म्हणून हातात लोकर विणायची सुई. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका बाजूला बाबा, समोर आई, मध्ये कागद. मी भांडं वाजवायचं नाही, फोन घ्यायचा नाही, शिंकायचं असेल तर बाहेर जायचं. बाबांनी सुई टेकवायची आणि निघायचं. आईने बोलायचं नाही. ती बोलायचीही नाही, नुसती समोर बसून श्वास घ्यायची.

बाबांनी जन्मभर बुटांच्या दुकानात काम केलं. गिऱ्हाइकासमोर छोट्या स्टुलावर बसून बूट घालून द्यायचे. ते म्हणायचे, बूट चावतोय हे माणूस तोंडाने कधी सांगत नाही. मोठ्या दुकानात आलोय म्हणून लाजतो, "छान आहे, छान आहे" म्हणतो. म्हणून पायाकडे नाही, तोंडाकडे बघायचं. त्यांचं गिऱ्हाईक कधी बूट परत घेऊन आलं नाही. हे मी आत्ता सांगतेय, पण तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

डोळ्यांना फसवणाऱ्या चित्रांत बाबा दर वेळी फसायचे. रेघ सरळ आहे म्हणून पट्टी लावून दाखवली, तरी पट्टी उचलली की म्हणायचे, "आता परत वाकडी झाली बघ." आईला यात फार आनंद. पण भूलभुलैयात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कितीही अवघड असू दे, सुई इकडेतिकडे जरा घुटमळायची आणि चहा गार व्हायच्या आत बाहेर. कागदावरून सुई उचलून ते म्हणायचे, "सोपं होतं गं."

हे "सोपं होतं" आईच्या वर्मी लागायचं. पुढच्या आठवड्यात ती आणखी अवघड काढायची. ते बाबा सोडवायचे. मग त्याहून अवघड. पुरवणीचे संपादक दर दोन-चार महिन्यांनी फोन करायचे, मुलांना जमत नाही, मोठ्यांनाही जमत नाही, पालक चिडतात, जरा हात सैल सोडा. आई फोन ठेवून म्हणायची, "माझा नवरा बुटांच्या दुकानातला माणूस. तो बिस्किट खाता खाता सोडवतो. यांच्या वाचकांना डोकं नाही त्याला मी काय करू?" शेवटी संपादकांनी पान बंद करायची भाषा सुरू केली. आईने तिकडेही कानाडोळा केला.

मग आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. डॉक्टरांनी मोठा काळा चष्मा दिला, बाजूंनीही झाकलेला, भुवयांच्या वरपर्यंत येणारा. रेघा काढायच्या नाहीत असंही सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. एक डोळा जरा निवळला की ही बसली शाई घेऊन. मी रागावले, बाबा रागावले. ती म्हणाली, पान रिकामं जाऊन कसं चालेल.

त्या बुधवारी बाबांनी सुई टेकवली आणि अडकले. डावीकडे गेले, भिंत. परत आले, पुन्हा त्याच वाटेने डावीकडे गेले. चहावर साय धरली. शेवटी हसून म्हणाले, आज माझं लक्ष नाही. आम्हीही हसलो. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या बुधवारी ते एकाच खोट्या वाटेत इतक्या वेळा शिरले की मला बघवेना. कोणी हसलं नाही.

आमच्या घरात एक गोष्ट होती जी कोणी बोलत नव्हतं. बाबांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे काका, याच वयात कोपऱ्यावरच्या बेकरीतून घरी यायची वाट विसरले. जन्मभराची वाट. पाव हातात घेऊन चौकात उभे होते, आणि बाबांनीच त्यांना हाताला धरून आणलं. त्यानंतर काका काका राहिले नाहीत. शेवटी शेवटी ते बाबांना "तुम्ही कोण?" विचारायचे. बाबा दर वेळी स्वतःचं नाव सांगून बाहेर जिन्यात जाऊन उभे राहायचे.

आता बाबांनी फिरायला जाणं बंद केलं. आधी म्हणाले गुडघा दुखतो, मग म्हणाले ऊन आहे, मग काही म्हणेनातच. दूध संपलं तर मला म्हणायचे, तू येताना आण. दुकान आमच्या खिडकीतून दिसतं. मी त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. बाबांनी सगळं बिनचूक केलं. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे. जिन्यात आल्यावर बाबा म्हणाले, "त्याला काय कळतंय? वार काय, कॅलेंडरवर बघून गेलो होतो. बुधवारी सुई कुठे अडकते ते मला माहीत आहे."

मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते. आईवर चिडले. म्हटलं, बंद कर ती तपासणी, कशाला त्यांना सुईवर बसवतेस दर आठवड्याला? आई म्हणाली, बंद केली तर त्यांना वाटेल की मलाही कळलंय. म्हणजे चालू ठेवली तरी त्रास, बंद केली तरी त्रास. या घरात एकही वाट अशी नाही की जिच्या टोकाला भिंत नाही.

मग आईने जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या बुधवारी बाबा असेच अडकून बसले होते. आईने कागद स्वतःकडे ओढला, काळ्या चष्म्यातून त्याच्यावर वाकली आणि म्हणाली, "अगं बाई, माझीच चूक. इथे वाट बंद राहिलीय. डोळ्यांनी घात केला." आणि ब्लेड घेऊन तिने एक धडधाकट भिंत खरवडून उघडली. जिने जन्मात झालेली चूक कबूल केली नाही, तिने न झालेली कबूल केली. बाबांनी सुई त्या नव्या भोकातून बाहेर काढली. "हां, आता बरोबर," म्हणाले. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. एवढ्या वर्षांत आईची वाट कधी बंद राहिली नव्हती, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? आपल्यासाठी बायको भिंती पाडायला लागली म्हणजे आपलं संपलं, एवढं त्यांना कळलं.

पुढचे काही बुधवार आई भिंती पाडत राहिली. वर कळस म्हणजे संपादकांचा फोन आला. हल्लीची कोडी मुलांना फार आवडतायत, पहिल्यांदाच सुटतायत, असंच चालू द्या. आईने नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन जागेवर ठेवायचंही विसरली.

मग एकदाचा तो काळा चष्मा गेला. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासून सांगितलं, आता मोकळं करा. त्याच बुधवारी आईने कोडं मांडलं. मला बाजूला घेऊन म्हणाली की हे कोडं चष्मा असताना काढलेलं, मोठ्या चुरशीने, यात सगळ्यात वाईट वाटा आहेत, पण तिने ब्लेड जवळच ठेवलंय. बाबा मान खाली घालून बसले. सुई टेकवली.

आणि निघाले. पहिलं वळण, दुसरं, एका खोट्या वाटेच्या तोंडाशी थांबले, मागे आले, दुसऱ्या वाटेने गेले. कुठेही अडकले नाहीत. सुई बाहेर पडली तेव्हा चहातून वाफ येत होती. आईच्या नव्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलेलं असताना ती रडत बसली. बाबा सुई हातात धरून नुसते बघत राहिले. "सोपं होतं गं," म्हणाले.

मीही रडले असते. पण मी ओट्याशी उभी होते, आणि तिथून मला कागद दिसत नव्हता, बाबांचे डोळे दिसत होते. आणि ते डोळे कागदावर नव्हतेच. प्रत्येक वळणाशी ते वर जात होते, आईच्या तोंडावर, आणि मग सुई हलत होती.

मी म्हटलं, "आई, तू जरा बाहेर जा."

"कशाला?"

"जा म्हणते ना."

ती गेली. मी तिच्या जुन्या कोड्यांच्या गठ्ठ्यातून एक उचललं आणि बाबांपुढे ठेवलं, त्यांनीच कधीतरी चुटकीसरशी सोडवलेलं. त्यांनी सुई टेकवली. पहिल्या वळणाशी डोळे वर गेले. समोर रिकामी खुर्ची. ते तिथेच अडकले.

मी आईला हाक मारून समोर बसवलं. बाबांनी वर पाहिलं, सुई सरळ बाहेर.

पुन्हा आईला उठवलं, दुसरं कोडं ठेवलं. अडकले. बसवलं. सुटलं. आई आधी वैतागली, मग तिच्याही ध्यानात आलं. ती उठता उठता थांबली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता?" तिने विचारलं.

"कधी?" बाबा म्हणाले. ते सोंग करत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. आम्ही त्यांच्या डोक्यात बिघाड शोधत होतो आणि सगळा घोळ आईच्या भुवयांत होता. त्या काळ्या चष्म्याने झाकल्या आणि बाबा आंधळे झाले. मी त्यांना सांगितलं की बाबा, तुमचं डोकं ठणठणीत आहे, तुम्हाला भूलभुलैया कधी येतच नव्हता. आजवर तुम्ही एकही सोडवलेला नाही.

बाबांनी सुई टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे मी काही विसरलेलो नाही?"

"आधी येत असेल तर विसराल ना," मी म्हटलं.

ते उठले, चपला घातल्या आणि कोणाला काही न विचारता दूध आणायला गेले. मी खिडकीत उभी राहून बघितलं. गेले, आले. येताना पावही आणला, त्याच बेकरीतला.

इथे संपायला हवं होतं. पण माझ्या नशिबात असं कुठलं? आई भडकली. मला वाटलं होतं ती नाचेल. ती म्हणाली, "म्हणजे माझं एकही कोडं आजवर कोणी तपासलेलंच नाही. यांना सोपं जातं म्हणून मी अवघड, आणखी अवघड करत गेले. तिकडे पोरं रडत होती आणि मी त्या बिचाऱ्या संपादकाला बिनडोक म्हणत होते." तिने बाबांशी बोलणं टाकलं. म्हणजे माझ्यामार्फत बोलायला लागली. त्यांना सांग, पंखा बंद करा. त्यांना विचार, भाजीत मीठ कमी आहे का. बाबा तिथेच असायचे. ते उत्तर द्यायचे, तेही माझ्यामार्फत. मी कचेरीत खिडकीवर बसते, घरी दोन खिडक्यांच्या मध्ये बसायला लागले.

शेवटी आईने हुकूम काढला की यापुढे तपासणी मी करायची. मला भूलभुलैयाचा पहिल्यापासून तिटकारा आहे, हे मी सांगितलं. ती म्हणाली, उत्तम, मग तू फसशील नीट.

या बुधवारी मी सुई घेऊन बसले. समोर आई, भुवया दगडासारख्या ठेवून. बाबांना टेबलापाशी बंदी, त्यांनी फक्त ओट्याशी चहा करायचा. मी दोन वळणं घेतली आणि तिसऱ्याशी अडले. एक वाट डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही सारख्याच खऱ्या दिसत होत्या. माझा संताप संताप झाला. मी वर पाहिलं, आईच्या तोंडाकडे. म्हटलं, बघू तरी बाबांना काय सापडत होतं ते. कपाळ, भुवया, नव्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, मिटलेले ओठ. माझ्या आईचा चेहरा, थोडा थकलेला, थोडा चिडलेला. जन्मल्यापासून बघतेय मी तो. त्यात डावंही दिसेना आणि उजवंही.

बाबा चहाचे कप घेऊन आले. कप टेबलावर ठेवताना त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. आईकडे पाहिलं.

"उजवीकडे," म्हणाले, आणि बिस्किटं आणायला परत ओट्याकडे गेले.

आई खवळेल म्हणून मी थांबले. ती खवळली नाही. टेबलावरून माझ्याकडे वाकून तिने हळूच विचारलं, "काय दिसतं गं त्यांना?"

मला काय दिसणार, कपाळ? मी सुई उजवीकडे वळवली.